सायकल काय म्हणते, हे विचारल्याबद्दल

बोरीवली,
पौषातला कुठलासा गुरुवार

ती. दादास,

जयंतीचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द लिहिण्यापुरताच समज. कंबर अशी धरली आहे की खरोखर पाया पडायचं झालं तर तुलाच स्टुलावर चढून उभं राहावं लागेल.) आईचे गुडघे पुण्याच्या गारठ्यात काय म्हणतात? तिळाचं तेल कोमट करून चोळ म्हणावं, आणि नको म्हणाली तर नर्सबाईंचा हुकूम आहे म्हणून सांग. वहिनीचा खोकला गेला का? तिने विणलेला स्वेटर रोज पहाटे घालते. फार उबदार आहे. डावी बाही उजवीपेक्षा चांगली वीतभर लांब आहे आणि ऐन उतारावर ती ब्रेकच्या दांडीत अडकते, हे मात्र तिला कळवू नकोस.

तुझं पत्र पोचलं. घरची सगळी खुशाली लिहून झाल्यावर तू सहज विचारल्यासारखं विचारलं आहेस, "सायकल काय म्हणते?" दादा, तुझं विचारायला काय जातं! जुलैत तू ती लेडीज सायकल स्वतः आगगाडीत घालून आणलीस, सूतिकागृहाच्या दारात उभी केलीस, आमच्या मेट्रनबाईंना "पुण्याची मुलगी सायकलशिवाय शोभत नाही" असं ऐकवलंस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांतून जिथे म्हणून बाळंतीण अडते तिथे "जयंतीबाईंना पाठवा, त्यांना सायकल आहे" असं होतं. पावसाळ्यात मी तक्रार केली तेव्हा सगळे म्हणाले, थांबा, थंडी पडली की वाटा कशा झकास होतात बघा. थंडी पडली. आता बघते आहे.

पहिली गोष्ट, इथली थंडी. तुम्ही पुण्याचे लोक हिला थंडी म्हणणार नाही, हसाल. पण बोरीवलीत थोडा गार वारा सुटला की माणसं घरात असेल नसेल ते अंगावर घालतात, आणि त्यातलं बहुतेक कानांवर. कानटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर घोंगडी. म्हणजे मार्गशीर्ष ते माघ सबंध गावाचे कान बंद असतात. मी घंटी वाजवते, पुन्हा वाजवते, शेवटी ओरडते. माणूस वाटेच्या मधोमध आपला शांतपणे चाललेला असतो, आणि मी बाजूच्या निवडुंगात पडल्यावर तोच मागे वळून म्हणतो, "अहो बाई, घंटी तरी वाजवायची!"

दुसरं, चाकोऱ्या. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखलात जी चाकं ओढली, ती आता वाळून लोखंडासारखी घट्ट झाली आहेत. त्यात सायकलचं चाक एकदा पडलं की आपली मर्जी संपली. गाडी जिथे गेली होती तिथे आपणही जायचं. मागच्या आठवड्यात मला एक्सर गावाला जायचं होतं आणि मी एका अनोळखी माणसाच्या गोठ्यात पोचले. म्हशीने मान वर करून पाहिलं. मालकाने विचारलं, "कोणाकडे आलात?" काय सांगणार? तिसरं, काटे. भात कापून झालं की इथे वांगी, मुळे, वाल लावतात आणि गुरांपासून राखायला बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात. त्या फांद्या ओढत नेतात त्या वाटेवरूनच, आणि निम्मे काटे तिथेच पडतात. स्टेशनाजवळचा पंक्चरवाला सहदेव आता मला "काय बाई, आज कुठलं?" असं विचारतो, जसं आम्ही बाळंतिणीला विचारतो, कितवं?

आणि धुकं, आणि दव, आणि शेकोट्या! पण त्या सुट्या सुट्या सांगत बसत नाही, कारण सोमवारी त्या सगळ्या एकदमच भेटल्या. तेच सांगते.

सोमवारी फटफटायच्या आधी दारावर थापा पडल्या. दार उघडते तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला धर्मा उभा, हातात कंदील, थंडीत उघडा, आणि घामाने निथळतोय. "बाय, बिगी चल गो! मथुरेला कळा आयल्या." मथुरा म्हणजे त्याची बायको. दादा, तिची आधीची दोन्ही मुलं जन्मतःच गेलेली. या खेपेला तिला मी महिनाभर आधी येऊन सूतिकागृहात राहा म्हणून बजावलं होतं. पण मासळी सुकवायचे हेच दिवस, ती आली नाही. मी रागावले होते. पिशवी मागच्या कॅरिअरला अडकवली आणि निघाले.

धुकं असं, की पुढचं चाक आहे हे विश्वासावर धरून चालायचं. धर्मा कंदील घेऊन पुढे धावत होता आणि मी त्या उजेडाच्या मागे. तो धावतो कसला, उडतो! मी पायडल मारून मारून दमले, तरी उजेड पुढेच. मी हाका मारत होते, "धर्मा, हळू!" पण त्याला आता फक्त घर ऐकू येत होतं. शेवटी वाडीच्या वळणावर दुसरा उजेड दिसला, चांगला मोठा. मला वाटलं, थांबला बिचारा. म्हणून जोरात त्या उजेडावर सायकल घातली. ती शेकोटी होती. बरोबर वाटेच्या मधोमध. वाडीचा राखणदार धोंडू घोंगडीत तोंडासकट गुरफटून तिच्यापाशी बसला होता. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबायला गेले (बाही!), दवाने भिजलेल्या पेंढ्यावर चाक घसरलं, आणि मी, सायकल आणि पिशवी शेकोटीला वळसा घालून कुंपणातून आरपार मुळ्याच्या वाफ्यात. धोंडूने घोंगडी जरा बाजूला केली. म्हणाला, "आलाच आहात तर शेकून जा, बाई."

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. सहा महिन्यांत माझं मराठी फार मुंबईचं झालं आहे.

धर्मा आवाज ऐकून मागे आला. सायकलच्या दोन्ही चाकांतून हवा जात होती. मी म्हटलं, "वाट लागली हिची. राहू दे ती इथेच, चल." पण त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी ढोपर धरून उठते आहे तोवर त्याने सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. मी पदर खोचला आणि मागून पळाले. ओढ्यावर एक ओंडका टाकला आहे, त्याला इथले लोक पूल म्हणतात. दव पडल्यावर त्याच्यावर शेवाळाशिवाय काही नसतं. तो मी बसून पार केला, घोड्यावर बसतात तशी. (हे आईला नको.) पुढे मिठागराचा बांध लागला. तिथे खाडीवरून धुक्याचे लोटच्या लोट येत होते. मी दम खायला थांबले आणि माझ्या लक्षात आलं.

"धर्मा, पिशवी कुठाय?"

"कंची पिशवी?"

"माझी! कामाची! कात्री, औषधं, सगळं तिच्यात आहे!"

त्याने खांद्यावरून सायकल उतरवली आणि तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तीच काढून देईल. पिशवी मुळ्याच्या वाफ्यात राहिली होती. मी तोंड उघडलं होतं, चांगलं खरमरीत बोलणार होते. मग कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. त्याचे ओठ थरथरत होते. एवढा दांडगा माणूस, तुफानात होडी हाकणारा! मी एवढंच म्हटलं, "जा, घेऊन ये. मी पुढे होते." तो कंदिलासकट धुक्यात नाहीसा झाला.

आता बांध एवढा अरुंद, की मधे आडवी सायकल आणि दोन्हीकडे खारं पाणी. तिला ओलांडून जाता येईना, ठेवूनही जाता येईना. म्हणजे अंधारात, पिशवीशिवाय, दोन पंक्चर झालेली सायकल ढकलत मी बाळंतपणाला निघाले. तुझी फार आठवण झाली, दादा. कशी झाली ते विचारू नकोस. बांध संपला असं वाटतंय तोच तोंडावर काहीतरी ओलं, थंड, खारट सपकन बसलं. भूत नव्हतं. बांबूच्या दांडीवर ओळीने टांगलेले बोंबील होते. एक चुकवावा तर दुसरा. त्यांच्यातून वाट काढत कोळीवाड्यात शिरले तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मी त्यांना घरचीच वाटले असणार.

घरात धर्माची आई, म्हातारी जया, मथुरेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी गरम पाण्याने हात धुतले आणि बसले. फार वेळ नव्हताच. मूल आलं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचा वेढा, अंग निळं, आवाज नाही. वेढा सोडवला. बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून तिचं तोंड पुसून काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. जया माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "बाय, ही पण गेली काय गो?" मी मुलीच्या इवल्याशा तोंडावर तोंड ठेवून फुंकत राहिले, हळूहळू, जसं शिकवलं होतं तसं. मनात मात्र शिकलेलं काही नव्हतं. मनात फक्त, रड, रड गं बाई, एकदा रड, एवढंच होतं. आणि तिने एक उचकी दिली. मग आणखी एक. मग तिने असं भोकाड पसरलं, की अख्ख्या कोळीवाड्याच्या कानटोप्या खाली आल्या असतील.

धर्मा दारात येऊन उभा होता, पिशवी छातीशी धरून. ढोपरं फुटलेली, डोक्यात मुळ्याचा पाला. आत येईना. मी म्हटलं, "अरे, दे ना ती पिशवी, नाळ कापायची आहे." त्याने पिशवी दिली आणि उंबऱ्यावर बसून लेकीपेक्षा मोठ्याने रडला. मथुरेने डोळे उघडले आणि दमलेल्या आवाजात त्याला म्हणाली, "गप रे, तिला ऐकू दे माझं." काय ऐकवायचं होतं ते काही तिने सांगितलं नाही. मुलीला कुशीत घेऊन नुसती बघत राहिली. मी बाहेर येऊन चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर बसले आणि मलाही थोडं रडू आलं. धुराने असेल.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज तुला असं पत्र लिहिलं नसतं. पण परत यायचं राहिलं होतंच. धर्माने सायकल पुन्हा खांद्यावर घेतली. (खाली ठेवायला तयारच नव्हता. त्याच्या मते ती पायगुणाची आहे.) आणि जयाने, नको नको म्हणत असताना, सुक्या बोंबलांची ही एवढी जुडी कॅरिअरला करकचून बांधली. सूर्य वर आलेला, धुकं विरलेलं, गाव जागं झालेलं. पुढे सायकल वाहणारा धर्मा, त्याच्या मागे मुळ्याच्या वाफ्यातून उठलेली मी आणि माझ्या मागे बोरीवलीतली यच्चयावत मांजरं, अशी आमची मिरवणूक बाजारातून गेली. आमच्या घरमालकीण वसुधाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. कांदासुद्धा न खाणारी बाई ती! त्यांनी आधी बोंबील पाहिले, मग मला पाहिलं, मग कळशी तिथेच ठेवून आत गेल्या आणि कडी लावली. अजून बोलत नाहीत. खोलीत चार वेळा उदबत्ती लावली. आता उदबत्तीला बोंबलांचा वास येतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. सायकल काही म्हणत नाही. तिचं पुढचं चाक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालं आहे, मडगार्ड खाडीत आहे आणि घंटी आपणहून वाजते, वाजवली की वाजत नाही. दादा, माझ्यावर खरी माया असेल तर येत्या रविवारी ये आणि हे धूड घेऊन जा. पुण्यात रस्ते आहेत, तिथे ते सुखाने नांदेल. बोरीवली लवकरच मुंबईत घेणार असं ऐकते. घेतली की म्हणे रस्ते होतील. तोवर मी पायी फिरेन. मी सायकलला हात लावणार नाही, हे मेट्रनबाईंनाही सांगून टाकलं आहे.

आईस साष्टांग नमस्कार, वहिनीस नमस्कार, धाकट्यांना पापा.

तुझी दमलेली बहीण,
जयंती

ता. क. १ : हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्यासाठी वेगळा कागद आत घातला आहे. त्यात इथे थंडी नाही, रस्ते डांबरी आहेत आणि मी सगळीकडे टांग्याने जाते असं लिहिलं आहे. तो मोठ्याने वाच आणि वाचताना हसू नकोस.

ता. क. २ : पुण्याच्या इस्पितळात चैत्रापासून जागा आहे आणि तू माझ्यासाठी शब्द टाकतोस, असं आई लिहिते. टाकला नसलास तर टाकू नकोस. टाकला असलास तर कसाही परत घे. इथे फाल्गुनापर्यंत आणखी पाच जणी अवघडलेल्या आहेत, त्यांतल्या दोघी बांधापलीकडच्या, आणि दोघींनीही मला नाव घेऊन बजावलं आहे. आईला काय सांगायचं ते तू ठरव. तू वकिलाच्या कचेरीत आहेस.

ता. क. ३ : रविवारी येण्याची तसदी घेऊ नकोस. सहदेवाने चाक सरळ केलं. मी सहज म्हणून दहिसरच्या नदीपर्यंत जाऊन आले. बरी चालते.

ता. क. ४ : आणि ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. आमच्याकडे माणिक नावाची नवी नर्स आली आहे. गेल्या आठवड्यापासून अंगणात सायकल शिकते. दोनदा पडली, दुसऱ्यांदा माझ्यावर. पण मुलगी जिद्दीची आहे. तुझा तो मित्र चंद्रप्रकाश, त्याच्या बहिणीची लेडीज सायकल लग्नानंतर नुसती जिन्याखाली पडून आहे ना? ती माग आणि रेल्वेने लावून दे. इथल्या वाटांबद्दल त्यांच्याकडे अक्षर काढू नकोस. कोणी विचारलंच तर सांग, बहीण थंडीत सायकलवरून हिंडते, तब्येत सुधारली आहे.