कॅन्सरच्या अलीकडे

११ मार्च, मंगळवार

नळी घशाखाली गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. रडत नव्हते, आपोआप! नर्स पाठीवर थोपटत होती. "नाकानं श्वास घ्या, बाई. झालंच." झालंच कसलं, जीव जातोय की काय असं वाटलं.

खरं तर नुसती जळजळ. वर्षभर पित्त म्हणून गोळ्या चघळल्या. पण आई पोटाच्या कॅन्सरनं गेली, हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाल्या, दुर्बीण घालून बघूच. बघितलं. पोटाच्या खालच्या भागात एक चपटा उंचवटा आहे, नखाएवढा. त्याचे बारीक तुकडे तपासायला पाठवलेत.

ताई बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर येते न येते तोच, "काय निघालं?" पाणी हवंय का, हे नंतर.

१२ मार्च

ताईनं आज दुकानात फ्रेमची काच कापू दिली नाही. "हात थरथरला तर?" स्वतः कापायला बसली आणि काच फोडली.

१५ मार्च

रिपोर्ट यायचाय. करायला काही नाही. काम ताईनं काढून घेतलं, म्हणून लिहितेय.

पुढे दुकान, मागे आम्ही दोघी. फोटो फ्रेम करून देण्याचं आईचं दुकान. ताई काउंटरवर— गिऱ्हाईक, हिशेब, तोंडाळपणा. मी मागे— काच, पट्टी, खिळे. मागच्या खोलीला एक खिडकी आहे म्हणे. पट्ट्यांच्या भाऱ्यांमागे ती केव्हाच गडप झाली. लहानपणी तिच्यातून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसायची. आता दिवसाही दिवा लावावा लागतो.

लग्न दोघींचंही नाही. माझं राहून गेलं. तिनं केलं नाही. का, ते कधी नीट बोलली नाही. मी विचारलं की म्हणायची, "तुला कोण सांभाळणार मग?" वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही मी "धाकटे"! माझी चप्पल कुठे काढलीय इथपर्यंत तिचं लक्ष. बाहेर निघाले की, कुठे? आत आले की, कुठे होतीस?

२१ मार्च

रिपोर्ट.

"हा कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. ताईनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"पण कॅन्सरच्या अगदी अलीकडे आहे. पेशी चांगल्याच बिघडल्यात. तसाच ठेवला तर आज ना उद्या पलीकडे जाण्याची भीती आहे."

"म्हणजे आहे की नाही? एक काय ते सांगा," ताई.

"अजून नाही. निदान आम्ही काढलेल्या तुकड्यांत तरी नाही."

अजून नाही! हे काय उत्तर झालं? दुकानात कुणी विचारलं, फ्रेम झाली का, तर आम्ही म्हणतो, अजून नाही. म्हणजे होणारच आहे.

पोटात जंतूही निघाले. दोन आठवडे गोळ्या. मग दुर्बिणीतूनच तो उंचवटा मुळासकट सोलून काढायचा, पोट फाडायचं नाही. नंबर पुढच्या महिन्यात. तोवर? "तोवर नेहमीसारखं राहा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना ताई माहीत नाही.

२५ मार्च

ताईनं सगळ्या रस्त्याला सांगून टाकलं! समोरचे घड्याळवाले काका येऊन "धीर सोडू नका" म्हणून गेले. मी कधी धरला होता? एक बाई नवऱ्याचा फोटो न्यायला आली होती, नवरा वारलेला. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की मीच तिचं सांत्वन करायचं विसरले.

बाथरूमची कडी ताईनं काढून टाकली. "आत चक्कर आली तर दार कोण फोडणार?"

मला चक्कर येत नाही. मला काहीच होत नाही! तेच तर. आजारी असते तर निदान कण्हले असते.

३० मार्च

भात. दूध. भात. दूध. गोळ्यांनी तोंड असं झालंय, जणू पत्रा चाटतेय. तिखट बंद, खारट बंद. ताई समोर बसून घास घास बघते.

४ एप्रिल

आज फुटले.

कोपऱ्यावरून चहा पिऊन आले, इतकंच. एकटी. दहा मिनिटं उभी राहून येणारी-जाणारी माणसं बघितली. परत आले तर ताई शटर अर्धं ओढून बाहेर उभी, चेहरा पांढरा फटक.

"सांगून जाता येत नाही?"

"चहा प्यायला गेले होते!"

"चहा? या पोटात?"

"माझं पोट आहे ना?"

"आईही असंच म्हणायची."

मग मात्र तोल गेला. ओरडले— "मी मेले नाहीये अजून! आत्तापासून फ्रेममध्ये बसवू नकोस मला!"

गिऱ्हाईक होतं दारात. ते परत फिरलं. ताईनं आत जाऊन भात कुकरला लावला आणि शिट्टी लावायला विसरली. ताई! जी आयुष्यात काही विसरली नाही.

माझं चुकलं का? माहीत नाही. पण मागच्या खोलीत बसून भिंती बघते तेव्हा वाटतं, उंचवट्याआधी मी ताईच्याच हातून गुदमरून मरणार.

१८ एप्रिल

हॉस्पिटल. परवा काढला. घशात काटे पडल्यासारखं वाटतंय. पोटात जखम आहे, पाण्याचेही घोट मोजून. डॉक्टरांनी फोटो दाखवला: उंचवट्याखाली औषध टोचून तो वर उचलला, कडेनं चांगली जागा सोडून कापला, आणि अख्खा बाहेर काढला. एका पट्टीवर टाचण्यांनी ताणून लावला होता. गुलाबी, ओबडधोबड. एवढ्याशा गोष्टीनं एवढं घर हलवलं!

कडेनं जागा सोडलेली बघून बरं वाटलं. चित्र कापतानाही मी तशीच सोडते. त्यातलं जे कळतं तेवढंच कळलं.

ताई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय. तोंड उघडं. फार म्हातारी दिसते.

२८ एप्रिल

कॅन्सर होता.

आत, मधोमध, एवढासा. पहिल्या तुकड्यांत सापडला नव्हता. पण वरच्या अस्तरातच होता, खोल गेला नव्हता. कडा चारही बाजूंनी स्वच्छ. "निघाला सगळा," डॉक्टर म्हणाल्या. "आता फक्त ठरावीक काळानं दुर्बीण. ती चुकवायची नाही."

होता! आयुष्यात व्याकरणाचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मग डॉक्टर ताईकडे वळल्या. "आई गेली, धाकट्या बहिणीला निघाला. तुम्हीही एकदा बघून घ्या."

"मला काय धाड भरलीये!" ताई उठलीसुद्धा.

६ मे

ताई ऐकत नाही. विषय काढला की हातोडी उचलते. आज मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "तू दुर्बीण घातल्याशिवाय मी पुढच्या तपासणीला जायची नाही. बस मग घास बघत."

"धमकी देतेस मला?"

"तुझ्याकडूनच शिकले."

बराच वेळ काच पुसत राहिली. मग हळूच, "दुखतं का गं फार?"

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

१६ मे

आज बाकावर मी होते. आतून ताईचे उबळीचे आवाज येत होते आणि मी पर्सचा बंद पिळत होते. बाकावर बसणं नळीपेक्षा वाईट. हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आल्या. "जंतू आहेत, गोळ्या देते. बाकी पोट स्वच्छ. अगदी छान."

ताईला सांगितलं. ती मग हसायला लागली, हसता हसता रडायला. नर्स धावत आली, काही झालं की काय म्हणून. मी तिला घरी आणलं. रस्त्यात कधी नव्हे ते तिनं माझा दंड धरला होता.

घरी आल्यावर बोलली. भिंतीकडे बघत.

"आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली. मला यंदा एक्कावन्न. मी तर धरूनच चालले होते गं, माझंही तेवढंच. मोठी मुलगी, तिच्यासारखीच तब्येत, तिच्यासारखंच नाक. त्याच्या पुढचं मी कधी बघितलंच नाही."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तो शाळेतला चित्रकलेचा मास्तर आठवतो? फ्रेमांच्या निमित्तानं यायचा. विचारलं होतं त्यानं. दोनदा. नाही म्हटलं. कुणाला कशाला विधुर करायचं?"

आणि मी समजत होते, माझ्यामुळे राहिली. सगळी वर्षं ते ओझं वाहिलं. तिनं वाहू दिलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुलाही भीती घातली असती, धाकटे."

भात न खाता दोघी झोपलो.

१९ मे

ताई सकाळी उशिरापर्यंत लोळत होती! दुकान मी उघडलं. गिऱ्हाइकांनी तीन-तीनदा विचारलं, मोठ्या बाई कुठे?

२३ मे

आरशासमोर उभी होती. "केस काळे केले तर वाईट दिसेल का गं?" मी म्हटलं, दिसेल. तरी केलेच.

३१ मे

ताईनं तिकीट काढलंय. एकटीचं. शिवणाच्या वर्गातली मैत्रीण समुद्राकाठी राहते, ती कधीची बोलावतेय म्हणे. मला तिचं नावही माहीत नव्हतं. परतीचं? "बघू." मग काउंटरपलीकडे उभी राहून, गिऱ्हाइकासारखी, मला विचारलं, "जाऊ ना गं मी?"

तोंडात "नको" आलं होतं. "जा" म्हटलं.