क्लचच्या झाकणाच्या तीन जागा

मी, हेरंब दत्तात्रेय सोवनी, वय वर्षे सत्तावन्न, मूळचा वाईचा, गेली बावीस वर्षे राहणार इनारी तळ्याचा उत्तर काठ, या कागदाच्या आरंभीच एक तक्रार नोंदवून ठेवतो. शेजारी हेआइका याचा कुत्रा, नाव चाप्पे, रंग काळा, अंतःकरणही त्याच रंगाचे, याने सन २०१८ पासून माझ्या अंगणातून सात हातमोजे पळवले असून सातही डाव्या हाताचे आहेत. उजव्याला त्याने कधी तोंड लावले नाही. हेआइकाचे म्हणणे असे: "कुत्रा नेत नाही, तूच टाकतोस. त्याचे कान खाजवायला डावा हात मोकळा करतोस आणि मोजा बर्फात विसरून येतोस." या आरोपाचे मी मरणोत्तरही खंडन करतो. या एका विषयात माझा तोल जातो. इतर सर्व बाबतींत मी स्थिरबुद्धी, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र कोणाच्याही दाबाशिवाय, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे.

निमित्त असे की परवा औलूच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुनी काढायची, नवी बसवायची, त्यात विशेष काही नाही." मी विचारले, "खुणा जुळवून बसवता ना?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू भूल आधीच चढली आहे.

मराठीत लिहिण्याचे कारणही सांगतो. इथला फिनिश कायदा भाषेची अट घालत नाही. साक्षीदारांना मजकूर समजलाच पाहिजे असेही म्हणत नाही. हे मृत्युपत्र आहे एवढे त्यांना ठाऊक असले की झाले. या सवलतीचा मी पुरेपूर फायदा घेत आहे. कारण हा सगळा कागद चौथ्या कलमासाठी आहे. माझी शेजारीण रिस्तिन्ना हिच्या बर्फगाडीच्या क्लचचे झाकण माझ्यामागे कोण तपासणार, आणि तेही तिला न कळू देता, हा एकच प्रश्न मला सोडवायचा आहे. बाकीची कलमे शोभेची समजावीत.

कलम १. माझी पुस्तके, एकूण अडतीस खोकी, धाकटी बहीण कुमुदिनी हिला द्यावीत. ती म्हणेल, "दादा गेला तरी पसारा पाठवायचा सोडत नाही." बरोबर आहे. म्हणून बँकेतली शिल्लकही तिलाच ठेवतो. तक्रार करताना आवाज थोडा खाली राहील.

कलम २. माझे लाकडी घर, चूल, सॉना आणि होडी एल्ले हिला. एल्ले ही रिस्तिन्नाची भाची, कै. योव्नाची मुलगी, तळ्यापलीकडच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिने इथे राहायला यावे अशी अट घालत नाही. अट घातली की माणसे नेमकी अटीपुरतीच वागतात. फक्त तिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी एकदा उभे राहावे. तिथून आत्याचे अंगण आणि अंगणातली बर्फगाडी सरळ दिसते. घराची किंमत काढणाऱ्याने ती खिडकी धरून काढावी.

कलम ३. सात उजवे हातमोजे हेआइकाला. सोबत माझी हातोडीही त्यालाच, कारण जगातल्या प्रत्येक यंत्राला हातोडी चालते असे मानणारा माझ्या ओळखीत तो एकटाच उरला आहे. सन २००९ मध्ये याने क्लचच्या झाकणाचे सहाही बोल्ट एकदम सोडले. झाकणाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, याची त्याला कल्पना होती. पण "माझ्याकडे बघून गप्प बसेल" असा त्याचा हिशोब होता. झाकण थेट छपराला जाऊन लागले. तुळईत खोक आहे. हेआइका अजून म्हणतो, ती आधीपासून होती.

कलम ४. आता अवजारे. क्लच ओढून काढायचा पुलर. क्लच जागेवर धरून ठेवायची पकड. गोटी पान्यांचा संच. जितका जोर सांगितला तितका झाला की 'टक्' करून थांबायला सांगणारा टॉर्क पाना. आणि चार इंची लांब बोल्ट, दोन. ही सर्व अवजारे एल्लेला. रिस्तिन्नाला का नाहीत, हे समजायला ती माझ्या आयुष्यात कशी आली ते सांगावे लागेल.

मी इथे एका मराठी साप्ताहिकाला चार पत्रे लिहायची म्हणून महिनाभरासाठी आलो होतो. पहिल्याच आठवड्यात रिस्तिन्नाला विचारले, "तुमच्याकडे रेनडियर किती?" कळप राखणाऱ्या माणसाला हे कोणी विचारत नाही, ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे, हे मला ठाऊक नव्हते. तिने माझी टोपी उचलली, आत पाहिले आणि म्हणाली, "तुझ्या डोक्यावर केस किती उरलेत ते आधी मोज, मग माझ्याकडे ये." त्यानंतर मी तिला सगळ्या वस्तीसारखा 'आत्या' म्हणू लागलो आणि महिना लांबत गेला.

पुढच्या हिवाळ्यात मी एक जुनी बर्फगाडी घेतली. तिचा क्लच खडखडू लागला. हेआइका हातोडी घेऊन मदतीला आलेला असताना आत्या कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"क्लच निघत नाहीये, आत्या. हेआइका म्हणतो, दोन ठोके दिले की..."

"हेआइकाला दातही हातोडीनंच काढायला सांग. ठेव ते खाली."

"मी मदत करतोय," हेआइका म्हणाला.

"तू घरी जा. तेवढी मदत पुरे."

तिने फडक्यात गुंडाळलेला पुलर आणला (तो पुढे माझ्याकडेच राहिला, लागला की ती इथून नेते), त्याचा बोल्ट सावकाश आवळत नेला. एक खणखणीत आवाज झाला आणि क्लच तिच्या मांडीवर आला, झोपेतून उठलेल्या मांजरासारखा. मग तो माझ्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर. साखरेचा डबा तिने कोपराने बाजूला सारला.

"कुठल्या शाळेत शिकलास तू?"

"पाठशाळेत. संस्कृत."

"त्यात क्लचला काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत."

"मग इतकी वर्षं केलं काय तिथं?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. पण त्या दुपारी मी जे पाहिले ते शास्त्रच होते. समोरासमोरचे दोन आखूड बोल्ट काढून तिने त्या जागी लांब बोल्ट लावले. मग उरलेले चार काढले. आता झाकण त्या दोन लांब बोल्टांवरच होते. तिने एकदा इकडचा, एकदा तिकडचा, अर्धा अर्धा फेरा देत दोन्ही ढिले केले आणि स्प्रिंग हळूहळू उठून आली. झाकणाच्या मधला बुश, म्हणजे आसाभोवतीचे कडे, एका बाजूला झिजून गेला होता. तिने त्यात करंगळी फिरवली आणि नुसते 'हं' म्हटले. नवे झाकण बसवताना आतली प्रत्येक बैठक कोरड्या फडक्याने पुसली. मी बोट लावायला गेलो तर हात झटकला. "बोटाचं तेलसुद्धा नको तिथं."

आणि मग ते वाक्य, जे या कागदाच्या मुळाशी आहे. "नीट बघ. झाकण तीन जागी बसतं. तीनही ठिकाणी बसलं असंच वाटतं. त्यातली एकच जागा खरी. चुकीच्या जागी बसलं तर घरापाशी काही कळणार नाही. तळ्याच्या मध्यावर, वेग घेतलास की कळेल."

खरी जागा सापडावी म्हणून ती खुणेला आपल्या रेनडियरच्या कानाची खूण कोरते. इथे प्रत्येकाच्या जनावराच्या कानाला त्याचाच असा काप असतो. रिस्तिन्नाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या खालच्या कडेला एक खाच. भाऊ योव्नाची तीच, पण खाचा दोन. शरदात कळप कुंपणात आणतात, तेव्हा पळत्या जनावराचा कान तीस पावलांवरून वाचून "योव्ना!", "हेआइका!", "माझं!" असे ओरडणारी रिस्तिन्ना मी वीस वर्षे पाहिली. इतक्या वेगाने मी स्वतःचे हस्ताक्षरही वाचू शकत नाही. तिच्यावर मी साप्ताहिकात अकरा पत्रे लिहिली. संपादकांनी अखेर कळवले, "आता दुसरे कोणी भेटते का पाहा." नाही भेटले.

आता गेल्या एप्रिलची गोष्ट. तिच्या गाडीचे झाकण बदलायचे होते. ही गाडी आधी योव्नाची. त्याने आपल्या सवयीप्रमाणे क्लचच्या चकतीवर उभ्या असलेल्या तीन खांबांपैकी एकाशी स्वतःची दोन खाचांची खूण मारून ठेवली होती, केवळ मालकी सांगायला. गाडी रिस्तिन्नाकडे आल्यावर तिने दुसऱ्या खांबाशी, जिथे झाकण खरोखर बसते तिथे, आपली एक खाच कोरली. म्हणजे एक खूण सांगते कोणाचे, दुसरी सांगते कुठे. नव्या झाकणावरही तिने आपली एक खाच काढली, झाकण ठेवले, सहाही बोल्ट आडवे-तिडवे क्रमाने आवळले, टॉर्क पाना सहा वेळा 'टक्' म्हणाला. काम देखणे झाले होते. ती कॉफीचा पेला घेऊन बाहेर उन्हात बाकावर बसली आणि बसल्या जागी डोळे मिटले.

मी क्लच उचलला, आणि पाहिले. तिची एक खाच योव्नाच्या दोन खाचांसमोर होती.

भावाचा कान तिने स्वतःचा म्हणून वाचला होता, आणि तोही टेबलावर, हातभर अंतरावरून.

मी लांब बोल्ट घेतले. झाकण उघडले, एक तृतीयांश फिरवले, पुन्हा आवळले. वीस मिनिटे लागली. ती आत आली, क्लच हातात घेतला, झाकणाच्या कडेवरून अंगठा सावकाश पूर्ण फिरवला. मग म्हणाली, "तुझी कॉफी थंड झाली." एवढेच. तेव्हापासून तिने गाडीचे काही उघडले की मी मागून जाऊन पाहतो. दोनदा दुरुस्त केले आहे. शरदात कळपातली जनावरे मालकवार निवडताना ती कुंपणाच्या कडेला उभी राहिली आणि कान दुसऱ्यांना वाचू दिले. "घसा बसलाय," म्हणाली. संध्याकाळी त्याच घशाने तिने हेआइकाला तासभर शिव्या दिल्या.

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. कान वाचणाऱ्या बाईला डोळ्यांबद्दल विचारणे म्हणजे रेनडियर किती हे विचारण्यापेक्षा वाईट. आणि खरे सांगायचे तर मी तिला घाबरतो. मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचे काम असेल. दुसरे काही असेल तर मला माहीत नाही. एल्लेला माहीत असेल. म्हणून अवजारे एल्लेला. झाकण कसे उघडायचे हे तिला शिकवण्याची गरज नाही. एका हिवाळ्यात आत्यानेच शिकवले आहे आणि ती माझ्यापेक्षा सफाईने करते. आत्या जेवून आडवी होते तेव्हा जावे. एक खाच एक खाचेसमोर आहे ना, एवढेच पाहावे. चुकलेले सापडले तर सुधारावे आणि कॉफी थंड होऊ देऊ नये. आणि मी जे वर्षभर केले नाही ते करावे: आत्याचा हात धरून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

कलम ५. साक्षीदारांबद्दल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणजे हेआइकाचे तिसरे कलम खरोखरच शोभेचे. रिस्तिन्नाला मी साक्षीदार केले ते मुद्दाम. आज सकाळी विचारले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला काही नाही?"

"कायदा आहे, आत्या."

"मग दुसरा साक्षीदार बघायचास की! पुलर कोणाला?"

"ते सांगता येत नाही."

"हेआइकाला दिलास तर मी सही करणार नाही."

"माझ्यात काय वाईट आहे?" हेआइकाने दारातून विचारले.

"तुझ्या छपराला विचार," ती म्हणाली.

अवजारे माझ्यामागे तिच्या हाती राहिली तर ती झाकण एकटीच उघडत आणि एकटीच लावत बसेल, हे तिला सांगणे मला जमले नाही. कायद्याच्या आड लपलो.

शेवटचे. झडपेची भीती वाटत नाही असे लिहिले तर या कागदातले ते एकमेव खोटे विधान ठरेल. पण ती भीती माझ्या मापाची आहे. उद्या सकाळी रिस्तिन्नाच मला बर्फगाडीवरून तळ्यापलीकडे बसच्या थांब्यावर सोडणार आहे. झाकण मी आज पाहून ठेवले आहे. बरोबर जागी आहे. मी मागे बसेन, नेहमीसारखी बडबड करीन आणि बडबडीत बर्फातली भेग कुठे, वाटेच्या खुणेची काठी कुठे, ते सांगत राहीन. चौथ्या कलमाची फिनिश नक्कल पाकिटात घातली आहे. थांब्यावर एल्ले भेटायला येईल, तिला द्यायची. याआधी तीनदा असेच पाकीट खिशातच परत आले. उद्याही आले, तर मी औलूला जाईन आणि ते माझ्याबरोबर येईल. दिले तरी, परत येताना त्या गाडीवर आत्या एकटीच असेल, अठरा किलोमीटर. मला काळजी त्याची आहे.

लिहून देणार: हेरंब दत्तात्रेय सोवनी
ठिकाण: इनारी तळ्याचा उत्तर काठ
दिनांक: १२ मार्च २०२५

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी, वरील इसमाने सही केली:

साक्षीदार: हेआइका, योन्ने याचा मुलगा. (चाप्पे हजर होता. त्याची सही घेतलेली नाही.)

साक्षीदार: रिस्तिन्ना, इस्सातचा मुलगा ओव्ला, त्याची मुलगी. (सही रेघेखाली दोन बोटे, समासात आली आहे. ती तिचीच आहे; ग्राह्य धरावी.)