तीन महिन्यांचा आकडा

नायगाव, बुधवार

प्रिय ज्युली,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. रविवारपासून तीनदा फोन लावला. दोनदा तू उचललास, आणि मी मेथीचं, तुझ्या जॉयलच्या परीक्षेचं काहीबाही बोलून ठेवून दिला. म्हणून आज कागद घेऊन बसलेय.

आधी माझी बातमी. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. सगळे गेले म्हणून मीही गेले. उपाशीपोटीची साखर सत्त्याण्णव आली. मी खूश! पण त्याच कागदावर खाली तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा होता, सहा पॉइंट दोन, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, प्रीडायबेटिस. एकाच रक्ताचे दोन निकाल कसे? दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथे उपाशीपोटी एकशे चार आणि जेवणानंतर एकशे अठरा. शेजारच्या रचनाच्या मशीनवर बोट टोचून पाहिलं, तर एकशे एकोणतीस. शेवटी सगळे कागद गादीवर मांडले आणि मला रडूच आलं. भात सोडला, चहातली साखर सोडली, मग सत्त्याण्णव आठवून परत घातली. आपल्याला आजार आहे की नाही, एवढंसुद्धा कळू नये म्हणजे काय!

तेव्हा तू आठवलीस. आपल्या निर्मळ गावच्या घरात ओट्याशी उभी राहून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आईचे आकडे लिहिणारी. मी एकदा हसले होते तुला, म्हटलं होतं, घरात सून आहे की कंपाउंडर.

आईची साखर पहिल्यांदा काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आत्ताच आवरलंत तर बहुतेक इथेच थांबेल. मुलगा म्हणून गॉडफ्रेने तपासणीच्या तारखा सांभाळायच्या आणि सून म्हणून तू जेवण, असं ठरलं. आईचा भात तू वाटीने मोजायला लागलीस. नाचणीची भाकरी आली. संध्याकाळी तिचा हात धरून देवळाच्या तळ्यापर्यंत चालवत न्यायचीस. त्या नाताळात आम्ही सगळे करंज्या खात होतो आणि आईच्या बशीत तू पेरूच्या फोडी ठेवल्यास. आई आमच्या बश्यांकडे बघत बसली. मला तुझा इतका राग आला, ज्युली! वाटलं, आयुष्यभर वाडीत राबलेली माझी आई, आणि तिने म्हातारपणी सुनेच्या परवानगीने खायचं.

एवढं करूनही तिचे रिपोर्ट जुळेनात. उपाशीपोटीचा आकडा दर वेळी बरा, आणि तीन महिन्यांचा चढता. सहा पॉइंट तीन, सहा पॉइंट सहा, मग सात. गॉडफ्रेने लॅब बदलली, जुन्या लॅबवाल्याशी भांडून आला. अंगात रक्त कमी असलं तरी तो आकडा चुकू शकतो म्हणून डॉक्टरांनी तेही तपासलं. ते ठीक निघालं. मग त्यांनी तुला विचारलं, बाहेरचं काही खातात का? मी तिथेच होते. तू म्हणालीस, 'नाही डॉक्टर, त्या माझ्या हातचंच खातात.'

ईस्टरच्या जेवणाला सगळे बसले होते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, 'रिपोर्ट आपोआप वाढतो का? घरातच कुठेतरी हलगर्जी होतेय.' तू वाढता वाढता थांबलीस. गॉडफ्रेनेही तुझ्याकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. ती का घातली, हे त्या टेबलावर दोघींनाच माहीत होतं.

त्यानंतर तू साखरेचा डबाच घरातून काढलास. पोरांच्या वाढदिवसाला केक नाही. पुढे आईच्या पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. महिनोन् महिने तिचं ड्रेसिंग तू केलंस, मी दारात उभी राहून बघायचे. आणि ती गेली. दफनविधीनंतर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तू म्हणालीस, 'ताई, माझंच कुठेतरी चुकलं.' मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

गेल्या आठवड्यात माझे सगळे कागद घेऊन इथल्या डॉक्टरबाईंकडे गेले. वयाने लहान आहे, पण शांतपणे समजावते. म्हणाली, 'काकू, लॅब-लॅबमध्ये थोडं इकडेतिकडे होतंच. उपाशीपोटीचा आकडा म्हणजे त्या एका सकाळची गोष्ट. आदल्या दोन दिवसांत जपून खाल्लं तर तो बरा येऊ शकतो. तीन महिन्यांचा मात्र दोन दिवसांच्या शहाणपणाने उतरत नाही.' माझं अजून हाताबाहेर गेलेलं नाही म्हणाली. चालायला सांगितलंय, चालते खाडीच्या बाजूला. तीन महिन्यांनी परत तपासणी. पण तिथून घरी येईपर्यंत तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते मला नवीन नव्हतं. ते मी फार आधी, माझ्यापुरतं, शोधून काढलं होतं.

तरीही मी गप्पच बसले असते. पण रविवारी तुझा फोन आला. गॉडफ्रेचीही साखर काठावर आली म्हणालीस, आणि त्याच्यासाठी बाहेरून डबा लावणार म्हणालीस. 'आईंचं माझ्या हातून झालं नाही, आता यांचं करायची भीती वाटते.' म्हणून हे पत्र. ज्युली, मी दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून यायचे, तू स्वयंपाकात असायचीस, तेव्हा माझ्या पर्समध्ये आईसाठी आगाशीहून आणलेली सुकेळी असायची. तिला ती सुकवलेली गोड केळी जिवापाड आवडायची. आठवडाभर पुरतील एवढी मी तिच्या उशीच्या अभ्र्यात ठेवायचे. तपासणीची तारीख गॉडफ्रेकडून कळायची, मग आदले दोन दिवस त्यातलं काही खायचं नाही, असं मीच तिला बजावायचे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधी, ती म्हणाली होती, 'ज्युलीला सांगूया गं, पोर उगाच बोलणी खाते.' मी तिला गप्प केलं, आणि पुढच्या रविवारी भरल्या टेबलावर तुलाच बोलले. आई कशाने गेली हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत. तो आकडा का चढत होता, ते मात्र मी सांगू शकते. गॉडफ्रेला हे वाचून दाखव. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं तर मी समजून घेईन, आणि तू टाकलंस तरी. डबा लावू नकोस. त्याचं जेवण तूच कर. तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

तुझीच,
ॲंजेला