ईश्वरीचं पेन

ती. आईस, योगिनीचा नाशिकहून नमस्कार.

मी बरी आहे. डबा वेळेवर येतो. फोनवर हे सांगताना रडले असते, म्हणून लिहिते आहे.

आमच्या दुसरीच्या वर्गात मराठी बोलायचं नाही, असा शाळेचा नियम आहे. दुखणं म्हणजे 'पेन', हे मीच मुलांना शिकवलं. लिहायचं ते पेन आणि दुखतं ते पेन, माझ्या तोंडी दोन्ही एकच. दुखण्यातला 'पे' जरा लांबवायचा असतो, हे मला आपल्या गावच्या शाळेत कुणी सांगितलंच नाही.

सोमवारी मी फळ्यावर 'इज' आणि 'आर'ची वाक्यं लिहीत होते. मागून ईश्वरी म्हणाली, "टीचर, पेन." मी वळलेही नाही. म्हटलं, "टेक इट फ्रॉम माय टेबल." तिने ते घेतलं आणि निमूट जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत ती बाकावर वाकडी होऊन पडलेली दिसली. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालंय, पण अजून शुद्धीवर नाही.

तिची आई दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला जाते. दवाखान्यात तिने माझ्या हातात पेन ठेवलं. "मॅडम, हे तुमचं. पोरीनं मुठीत लय घट्ट धरलं व्हतं." मी ते घेतलं.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात नुसतं 'ठीक' लिहिलं होतंस. दुखत असेल तर दुखतंय असंच लिही, आई.

तुझी,
योगिनी