एका हाकेत ओ

५ जून
पोचले एकदाची! खोली झकास आहे. खिडकीशी टेबल, भिंतीत कपाट, पलंगावर निळी चादर. उन्हाळाभर हे सगळं माझं. या घरची लेक आजच आमच्याकडे पोचली. ती माझ्या खोलीत, मी तिच्या. यजमानीणबाईंना मी काकू म्हणायचं ठरवलंय. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझंही तसलंच, म्हणजे जमेल. निघताना आईने बजावलं होतं की लोकांच्या घरी नाही म्हणू नकोस आणि एका हाकेत ओ दे. घरी मी तिसऱ्या हाकेलाही देत नाही, हे तिचं जुनं दुखणं. एकच घोळ झाला, बॅग आली नाही.

६ जून
बॅग नाही. या मुलांच्या अदलाबदलीच्या कार्यक्रमाच्या ऑफिसातल्या बाई म्हणतात, उद्या येईल. त्यांचं सगळंच उद्या, म्हणून आम्ही मुलांनी त्यांना उद्याबाई नाव पाडलंय. काकूंनी लेकीचे कपडे काढून दिले. नाही कसं म्हणणार? अगदी मापात बसले. चपलासुद्धा.

७ जून
वैताग आहे नुसता. बॅगेचा पत्ता नाही. रांगेत ताटकळून उद्याबाईंपाशी पोचले तर त्या जेवायला उठल्या. त्यात काकू मला लेकीच्या नावाने हाक मारतात. माझं नाव म्हणे जिभेवर बसत नाही. चार अक्षरांत कसली आलीये कसरत! तरी गुमान ओ देते.
घरी फोन केला तर आईला पाहुणीचंच कौतुक. पोरगी एका हाकेत ओ देते म्हणाली. मागून दादा ओरडला की हिलाच ठेवून घेऊ, चिमणीला राहू दे तिकडेच. घरात मला चिमणी म्हणतात. मी हसले, पण डोकं फिरलंच.

९ जून
बॅग सापडली. आमच्या घरी! उद्याबाई शांतपणे म्हणाल्या, सामान ज्याचं त्याच्या घरी पोचलं, आता तक्रार कसली? अहो, पण मी इथे आहे ना! हट्टी पोराकडे बघावं तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे.
दुपारी काकू कात्री घेऊन आल्या. केस कापू का, विचारलं. भिंतीवरच्या फोटोत लेकीचे केस आखूड आहेत. नाही हा शब्द ओठांपर्यंत आला होता. आईची शिकवण आडवी आली. मान डोलावली.

११ जून
काका-काकू स्वयंपाकघरात त्यांच्या भाषेत बोलत होते. मला सगळं कळलं. ही भाषा मी शिकले कधी? काका म्हणत होते, पोर घरी आली, जिवाला बरं वाटलं. काकू म्हणाल्या, आता कुठे जाऊ द्यायची नाही.
आई दूध तापवते ते भांडं — त्याला आपण काय म्हणतो — आत्ता आठवत होतं —

१२ जून
फोन लागला. आई, मी बोलतेय, म्हटलं. मग ती म्हणाली,
"मी म्हणजे कोण? चुकून लागला वाटतं फोन. आमची चिमणी ही काय, समोर जेवतेय."
मागे कोणीतरी हसलं. ते हसणं माझं होतं.
इथे दर वेळी हो म्हटलं, तिथे ती — एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं —

१३ जून
उद्याबाईंनी विचारलं, कोणती बॅग? तू तर इथलीच.
खालून काकूंची हाक. तिच्या नावाने. गप्प बसले.
दुसरी हाक. माझं नाव — चार अक्षरं — पहिलं तरी —
तिसरी. जिन्यावर पावलं. आई येतेय — आई नाही, काकू — काकू —
आता दाराशी. किती मायेने हाक मारते ही.
ओ द्यायची नाही. काही झालं तरी ओ द्यायची नाही. ओ