वर्ना खालच्या मजल्यावरच राहील

मी, इरीन हुडाक, वय वर्षे त्र्याऐंशी, कै. एमिल हुडाक यांची पत्नी, राहणार ब्रॅकेट्स फेरी, पेनसिल्व्हेनिया, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या नणंदेला तो पटत नसला तरी कायद्याला पुरेसा आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही, आणि घातलं असतं तर मी ऐकलंही नसतं. माझं २००६ सालचं मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं.

१. त्या मृत्युपत्रात असं कलम होतं की माझ्या पश्चात तीस दिवसांत वर्ना हुडाक हिने, म्हणजे एमिलच्या धाकट्या बहिणीने, खालचा मजला रिकामा करावा आणि घर विकून टाकावं. ते कलम मी मागे घेते. वर्ना हयात असेतो तिथेच राहील, भाडं न देता. तिच्यानंतर घर माझा मुलगा डेनिस याचं. गाडी आणि बँकेतली शिल्लक मात्र त्याला माझ्यामागे लगेच मिळावी.

२. याची कारणं लिहायची गरज नाही, असं वकील श्री. पॅवलिक म्हणतात. मला आहे.

१९८४ साली पोलादाचा कारखाना बंद पडला आणि एमिल खुर्चीत बसला तो दोन वर्षं जवळजवळ उठलाच नाही. मग गावात एका भुताच्या सिनेमाचं शूटिंग आलं. थडग्यातून उठणारी मढी हवी होती. मोबदला म्हणजे एक वेळचं जेवण आणि एक टोपी. वर्नाने त्याला ओढून नेलं. संध्याकाळी तो तोंडाला राखाडी रंग फासून घरी आला. मी दारातच म्हणाले, "काम गेलं, आता मढं व्हायचं तेवढं बाकी होतं!" त्याने बेसिनवर तोंड धुतलं, आणि मरेपर्यंत त्या सिनेमाचं नाव काढलं नाही. मी वर्नाशी बोलणं टाकलं. एका घरात राहून आम्ही अडतीस वर्षं चिठ्ठ्यांवर काढली: बर्फ कोण उपसणार, कचरा कोण ठेवणार.

३. जुन्या सिनेमांची वाहिनी हा माझा एकच षोक. तिथे ऑक्टोबर आला की हॅलोविनच्या, म्हणजे भुतांच्या सणाच्या, निमित्ताने अलीकडचे भुतांचे, रक्तपाताचे सिनेमे घुसडायला लागले, तेव्हा मी निषेधाची पत्रं लिहिली. एकूण अकरा. चर्चच्या दारात खाटकाने दुकान मांडावं तसं हे आहे, असं मी त्यात म्हटलं होतं. दर वेळी छापील आभारपत्र आलं आणि दर ऑक्टोबरात पुन्हा भुतं आली. त्यांनी माझं काडीचंही ऐकलं नाही. त्याबद्दल मी त्यांची अंतःकरणापासून ऋणी आहे, आणि हा टोमणा नाही.

४. गेल्या महिन्यात, एका दुपारी, बाराव्या पत्रासाठी वही घेऊन मी आमच्या गावात काढलेला तोच सिनेमा लावला. न बघता नावं ठेवते असं कुणी म्हणायला नको. "रक्त: तीनदा" एवढं लिहिलं होतं, तोच रेल्वेच्या भरावावरून मढी उतरायला लागली आणि त्यांत एमिल होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा. अंगात तेच जाकीट, कोपराला मी लावलेलं ठिगळ. आमच्याकडे त्याचे फोटो आहेत, पण फोटोत तो नेहमी ताठ. इथे तो चालत होता, डावा पाय बाहेर टाकत, आणि हसू दाबत होता. मी चित्र थांबवलं आणि जिन्यात जाऊन ओरडले, "वर्ना! वर ये! एमिल आलाय!"

ती पळी हातात घेऊन, धापा टाकत आली. तिला वाटलं मला भ्रम झाला. मग टीव्ही पाहिला आणि पळीसकट समोर जाऊन बसली.

"हसतोय बघ कसा! डायरेक्टर बोंबलत होता, 'अरे बाबा, तू मेलायस!' तर दादा म्हणतो, 'दोन वर्षं तेच करतोय साहेब, आज जरा सुट्टी द्या.' सगळे हसले. तोही हसला गं वहिनी, दोन वर्षांत पहिल्यांदा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कशावर सांगू? कचऱ्याच्या चिठ्ठीवर?"

मी रडले. पण हट्ट सोडवेना. म्हटलं, "तरी हा सिनेमा काही जुन्यांत बसत नाही."

"त्यातली अर्धी माणसं देवाघरी गेली," वर्ना म्हणाली. "तुला आणखी किती जुना हवाय?"

मी चित्र मागे नेलं. आम्ही तेवढाच भाग चार वेळा पाहिला. त्या रात्री मी गाढ झोपले. माझ्या पत्रांमुळे तो सिनेमा बंद झाला असता तर, या विचाराने अजून धस्स होतं, आणि मग नाही झाला म्हणून जीव भांड्यात पडतो.

५. टीव्ही वर्नाला. माझ्या मयतीच्या जेवणात कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून करतात त्या हलुपकी तिनेच कराव्यात, आणि त्यात साखर घालायचीच असेल तर घालावी. मी काही खाणार नाही. तिला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी सांगितल्यावर ती फणकाऱ्याने खाली गेली आहे. येईल.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डेनिसने करावी. त्याने वाहिनीला माझं बारावं पत्र पाठवावं. मजकूर असा: "तो सिनेमा दर ऑक्टोबरात दाखवा. दुपारी दाखवा, कारण वर्नाला संध्याकाळी डुलक्या येतात. ज्यांनी मढ्यांची कामं केली त्यांची नावं शेवटी दिलेली नाहीत, म्हणून मी कळवते. भरावावर डावीकडून तिसरा, ज्याला मेल्यासारखं चालता येत नाहीये, तो एमिल हुडाक. माझा नवरा."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी सुधारला, आणि पुढील दोघांच्या समक्ष सही केली.

(सही) इरीन हुडाक

साक्षीदार:
१. ग्लोरिया टेस्टा, शेजारीण
२. वॉल्टर ब्राइस, निवृत्त पोस्टमन

ठिकाण: ब्रॅकेट्स फेरी, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४