वजीर जागेवरच

मंगळवार, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी खुशाल आहे. पत्र घेऊन आलेली मुलगी तुझीच आहे, उंच झाली म्हणून परकी समजू नकोस. शाळेला सुट्टी नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आधी तिला जेवायला घाल, मग पुढचं वाच.

बुद्धिबळाचा वर्ग चालू आहे. पोरांना गोडी लागावी म्हणून भिंतीवरच्या मोठ्या पटावरच्या पांढऱ्या मोहऱ्यांना मी त्यांची टोपणनावं चिकटवली. ढोल्या प्यादं, बडबडी घोडा, तुझी भिंगरी हत्ती. वजिरावर पोरांनी ‘मावशी’ लिहायला लावलं. भिंगरीमुळे साऱ्या वर्गाचीच मावशी झालेय मी. काळे मोहरे बिननावाचे.

वर्ग संपला की मी पटावर एक डाव अर्धवट मांडून ठेवते, पोरांनी घरी विचार करावा म्हणून. एका सकाळी बघते तर काळ्याने चाल केलेली. मला वाटलं, शाळेच्या शिपायाची गंमत. तो म्हणाला, "बाई, मला उंट काय नि प्यादं काय, सारखंच. आणि किल्ली तर तुमच्याकडेच असते." चाल अगदी नवशिक्याची होती, वजीर फुकट घालवणारी. माझी खोड तुला माहीत आहे, शिकणारा दिसला की मला राहवत नाही. काळ्याचा वजीर न मारता मी साधीशी चाल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार.

मग ते शिकू लागलं. वर्गात जे शिकवावं ते लगेच पटावर दिसायचं. मला कौतुक वाटायचं गं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस त्याने ढोल्याचं प्यादं मारलं आणि खोक्यात नीट ठेवलं. त्याच आठवड्यात ढोल्याचं घर रिकामं झालं. जाताना शेजाऱ्यांनी कुणाला पाहिलं नाही. मग बडबडीचा घोडा गेला. ती वर्गात येते, पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. मी योगायोग म्हणत राहिले. तरी मोहरे उतरवून कपाटात कोंडले, तर सकाळी जिथल्या तिथे. नावं खरवडली, तर पुन्हा चिकटलेली, माझ्याच अक्षरात.

आणि एवढं होऊनही गेल्या वर्गात मी घोड्याचा दुहेरी मारा शिकवला. घोडा एकदम दोघांवर चालून येतो, वाचवता येतं एकालाच. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी काळा घोडा तसाच येऊन बसलेला. एकीकडे मी, एकीकडे भिंगरी. त्याला मारायला आपलं कुणी नाही. चाल इतकी सुबक की तोंडून "शाबास" निघणार होतं. मग ती दोन नावं पुन्हा वाचली.

भिंगरी शेजारीच होती. मी हत्ती उचलला आणि पार कोपऱ्यात नेला. ती ओरडलीच, "मावशी, वेडी आहेस का? वजीर जाईल ना!" हत्तीपेक्षा वजीर मोलाचा, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलंय. म्हटलं, "जाऊ दे गं." अजून फुगून बसली आहे.

भीती वाटते, धाकटे. पण उद्या वर्ग आहे, आणि बाकीच्या पोरांची नावं अजून पटावर आहेत. त्यांना सोडून कुठे जाऊ?

माझ्याकडून पत्र आलं नाही तर इकडे शोधायला येऊ नकोस. आणि मावशीची चाल चुकली असं भिंगरी सांगत बसेल, तर सांगू दे. तिची समजूत काढू नकोस.

पूर्ण विचार करून चाललेली,
तुझी ताई